आमची वाटचाल : टाकाऊतून मालगाडीचा माल

नाशिक रोडला माझं शिवणकामाचं दुकान आहे. त्याच्याच मागच्या खोलीत आम्ही मॉडेल रेल्वेच्या, म्हणजे खऱ्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींच्या, वॅगनमध्ये भरायचा माल बनवतो : कोळसा, पोलादाची कॉइल (पत्र्याची गुंडाळी), पाइप, कंटेनर, केबलचे ड्रम. कच्चा माल बहुतेक घरातला आणि गल्लीतला.

सुरुवात २०२०च्या लॉकडाऊनमध्ये झाली. शिवणकाम बंद, मुलगा घरात, आणि त्याच्याकडे एचओ स्केलची, म्हणजे १:८७ प्रमाणातली गाडी. ७ ऑगस्टला देवळालीहून दानापूरला शेतमाल नेणारी पहिली किसान रेल सुटली तेव्हा त्याला तीच हवी होती. पण पार्सलचे डबे बंद, आतला माल दिसणार कुठून? मग एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाणारा कोळशाचा रेक, म्हणजे वॅगनची अख्खी गाडी, करायचं ठरलं. त्या बॉक्सएन वॅगन वरून उघड्या असतात. परदेशी तयार कोळसा मिळतो, पण तो अमेरिकन वॅगनच्या मापाचा. आपल्या वॅगनमध्ये तो नीट बसत नाही.

कोळशासाठी फ्रिजच्या पॅकिंगचा थर्माकोल आतल्या मापाने कापते आणि वर उंचवटे ठेवते, कारण कोळसा ढिगाढिगाने पडतो, सपाट नाही. त्याला काळा पोस्टर कलर द्यायचा. स्प्रे पेंट मारला तर थर्माकोल विरघळतो. लाकडी कोळसा खलबत्त्यात कुटून चहाच्या गाळणीतून चाळायचा आणि वर पसरायचा. मग फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब घालून, सुई काढलेल्या सिरिंजने हळूहळू सोडायचं. लिक्विड नसेल तर पाणी भुकटीवर गोळा होऊन बसतं, आत मुरत नाही. वाळल्यावर फेव्हिकॉल दिसत नाही.

थर्माकोलच्या पोटात जुने नटबोल्ट जातात. रिकामी वॅगन वळणावर रुळावरून उतरते. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने सुचवलेलं वजन मी पाळते : एचओसाठी २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम. बॉक्सएनचं मॉडेल सुमारे १२३ मिलिमीटर लांब, म्हणजे एकूण वजन ९७ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. कोळशाच्या थराखाली एक लोखंडी वॉशर लपवलेला असतो. वरून लोहचुंबक धरला की अख्खा ढीग उचलून येतो आणि वॅगन रिकामी होते. गिऱ्हाइकांची मुलं यावर फार खूश होतात.

माझं ठाम मत असं, की वस्तू हाताशी आली म्हणून तिचा माल करू नये, आधी माप बघावं. पोलादाच्या कॉइलचं आतलं भोक बहुधा ६१० मिलिमीटरचं असतं, ८७ने भागलं की ७ येतात. साध्या पेन्सिलीची जाडी तेवढीच. म्हणून चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद १४ मिलिमीटर रुंद कापून पेन्सिलीवर घट्ट गुंडाळला की खरी वाटेल अशी कॉइल तयार. रिकामी रिफिल म्हणजे पाव मीटर व्यासाचा पाइप, शीतपेयाची नळी म्हणजे साधारण अर्धा मीटर. कंटेनरला बारीक पन्हळीचा पुठ्ठा लागतो : वरचा कागद ओला करून सोलायचा, पन्हळी उभ्या ठेवायच्या. द्राक्षपेटीचा पुठ्ठा इथे मुबलक, पण त्याची पन्हळ फार मोठी. तो मी फक्त पार्सलसाठी वापरते. केबलच्या ड्रमसाठी येवल्याच्या विणकरांची रिकामी रिळं मागून आणते आणि त्यांच्यावर जुन्या चार्जरची वायर गुंडाळते.

सुरुवातीला ओळखीच्यांनाच दिलं. मग मुंबई-पुण्याच्या छंदिष्टांकडून मागणी आली. हे लोक फोटो फार बारकाईने बघतात. ढिगाचा उतार सगळीकडे सारखाच का, असं एकाने विचारलं आणि ते बरोबर होतं. तेव्हापासून दोन ढीग एकसारखे करत नाही. शेजारच्या दोघी आता कामाला येतात, एक चाळते, एक कापते. रंग मात्र मीच लावते.

भाव किती ठेवावा हा प्रश्न अजून आहे. कच्चा माल फुकटाचा, मग इतके पैसे कसले, असं विचारणारे भेटतात. मी त्यांना खोलीत नेऊन चाळलेल्या भुकटीच्या बरण्या दाखवते. हल्ली एन स्केलची, म्हणजे १:१६० ची मागणी सुरू झाली आहे. त्याला गाळणी जाड पडते, म्हणून भुकटी साडीच्या ऑर्गंझाच्या कापडातून चाळतो. तो तुकडा दुकानातल्या चिंध्यांतच मिळाला.