कोनं देल्ली, तेवढंच सांगा

तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली वकीलसाहेबांचं टेबल असतं. तिथे त्या दिवशी माझ्यापुढे तीन कागद आले. एकपानी फारसी सनदेची झेरॉक्स, तिचं इंग्रजी अमदानीत झालेलं भाषांतर, आणि त्या इंग्रजीवरून अलीकडे कुणीतरी केलेलं मराठी. मराठी तपासायचं, दुरुस्त करायचं, खाली सही. तासाभराचं काम समजून घेतलं, त्याला पाच दिवस लागले, आणि एका क्रियापदावर मन अजून अडकलेलं आहे.

जमीन गावाबाहेरच्या तकियाची, म्हणजे फकिराच्या ठिकाणाची, पाच बिघे, काळी. हल्ली कापूस आणि तूर निघते, त्यातून दिवाबत्ती. समोरच्यांचं म्हणणं असं की गावच्या वतनदारांनी आपल्या वतनातून ही जमीन दिली होती, तेव्हा ती त्यांच्या वारसांकडे परत यावी. अर्जदार म्हणजे तकियाचे म्हातारे मुजावर. ते बाकाच्या टोकावर बसले होते. मी कागद उलगडताच म्हणाले, "सर, जमीन कोनं देल्ली, तेवढंच सांगा. बाकी आमाले काई नाई पाह्यजे."

नेमकं तेच मराठी कागद सांगत नव्हता. त्यात होतं: "पाच बिघे जमीन दिव्याकरिता त्यांच्याकडून ठरवण्यात आली आहे." त्यांच्याकडून म्हणजे कोणाकडून? इंग्रजीत 'हॅव बीन फिक्स्ड बाय देम'. या 'देम'च्या मागे जाऊन पाहिलं तर आधीच्या ओळीत देशमुख, देशपांडे, मोकदम, रयत अशी नावं, म्हणजे गावचे वतनदारच. समोरच्या वकिलांनी बोट ठेवलं ते इथेच. इंग्रजी वाचणाऱ्याला दुसरा अर्थ सुचणारही नाही.

फारसीत त्या जागी दोनच शब्द आहेत: 'मुकर्रर फर्मूदे-अंद'. मुकर्रर म्हणजे ठरवलेलं. त्यात 'बाय' नाही, 'देम' नाही. कर्ता लिहिलेलाच नाही. आहे तो क्रियापदाच्या शेपटाला लागलेला 'अंद', तृतीयपुरुषी अनेकवचनाचा प्रत्यय. हा 'अंद' तीन कामं करतो. खरोखर अनेक माणसं असली तर तो लागतो. कर्ता सांगायचाच नसेल तरी लागतो: 'गुफ्ते-अंद', म्हणजे आपलं 'म्हटलं आहे'. आणि एकाच माणसाचा आदर करायचा असला तरी तोच लागतो. इंग्रजी भाषांतरकाराने पहिला अर्थ घेतला, आणि वाक्य पॅसिव्हमध्ये घालून 'बाय देम' असा कर्ता आपल्या पदरचा जोडला.

तो अर्थ चुकीचा आहे हे त्याच ओळीतला दुसरा शब्द सांगतो. 'फर्मूदन' हे क्रियापद वरच्या माणसासाठीच वापरतात. मराठीत 'फर्मावणे' त्यातूनच आलं. देशमुख-देशपांड्यांचा उल्लेख याच सनदेत आहे, पण त्यांच्यासाठी 'बिदानंद', 'वागुजारंद' अशी साधी रूपं आहेत: जाणावं, जमीन मोकळी सोडावी. ज्यांना हुकूम दिला जातोय त्यांनाच पुढच्या ओळीत 'फर्मूदे-अंद' म्हणणारा मुनशी मी तरी पाहिलेला नाही. शिक्क्यातला बराचसा मजकूर गेलाय, पण 'फिदवी' शब्द वाचता येतो. म्हणजे शिक्का मारणारा स्वतःला कुणाचा तरी चाकर म्हणवतो आहे. देणारा त्याच्याही वरचा. वतनदार नव्हेत, हे इतकं पक्कं.

खात्रीसाठी मी नेहमी उलटं भाषांतर करून पाहतो. हातातलं इंग्रजी घ्यायचं, मूळ झाकून ठेवायचं आणि फारसीत परत न्यायचं. 'बाय देम'चं आजच्या फारसीत 'तवस्सुते आन्हा' होईल. जुन्या दफ्तरी वळणात 'अज जानिबे ईशान'. नाहीतर सरळ कर्तरी, 'ईशान मुकर्रर कर्दे-अंद'. तिन्हीतलं एकही मूळ कागदाच्या जवळ जात नाही. परतीच्या वाटेवर मूळ सापडत नसेल, तर जाताना काहीतरी सांडलं आहे.

इंग्रजी पॅसिव्ह दिसला की फारसीत 'शुदन', म्हणजे 'होणे', लावायचं ही सवय नव्या भाषांतरकारांची. दर वेळी ते चालत नाही. 'जमीन जागीरदाराकडून दिली गेली' याचं फारसी 'जमीन तवस्सुते जागीरदार दादे शुद' होतं, व्याकरणाने बरोबर, पण कानाला जड. बोलणारा म्हणेल, 'जमीन रा जागीरदार दाद'. कर्म पुढे आणलं, त्याला 'रा' लावला, कर्ता क्रियापदाजवळ ठेवला. इंग्रजीला जो जोर पॅसिव्हने मिळतो तो फारसीला शब्दांच्या क्रमाने मिळतो. आपल्यालाही तसाच मिळतो: 'जमीन जागीरदारानं दिली.' फारसी आणि मराठी इथे अगदी शेजारी बसतात, आणि मध्ये इंग्रजी आलं की दोघींचं बोलणं बंद पडतं.

कर्ता नकोच असेल तेव्हा मात्र 'शुदन' हवंच. 'मुकर्रर शुद', 'जब्त शुद', 'वसूल शुद'. दफ्तराची भाषा जरा सजवायची असली की 'शुद'च्या जागी 'गर्दीद' किंवा 'याफ्त' येतं. याचं मराठी करायला डोकं खाजवावं लागत नाही, कारण ही जोडी आपण घरात आणून ठेवली आहे: जप्त करणे, जप्त होणे; वसूल करणे, वसूल होणे; मंजूर, दाखल, जमा, सगळे तसेच. 'मुकर्रर शुद' म्हणजे 'मुक्रर झाली'. 'झाली' म्हटलं की कोणी केली हा प्रश्न बाजूला पडतो. 'करण्यात आली' म्हटलं की करणारा कुणीतरी आहे आणि त्याचं नाव आपण सांगत नाही, असा अर्थ होतो. इंग्रजी 'वॉज फिक्स्ड' दोन्हीकडे चालतं. म्हणून इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याला हा फरक दिसत नाही आणि तो सगळीकडे 'करण्यात आली' लिहीत सुटतो. आपल्या सरकारी कागदांना या 'करण्यात आले'ची जी सवय जडली आहे, तिचा मला मनापासून त्रास होतो. शेतकऱ्याचा अर्ज 'फेटाळण्यात आला'. कोणी फेटाळला हे त्याने कुठे जाऊन विचारायचं?

दुसरं नुकसान शाळेपासूनचं. पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, असं मुलांकडून पाठ करून घेतलं जातं. 'रामाने आंबा खाल्ला' हा आपल्या व्याकरणात कर्मणी प्रयोग आहे, क्रियापद आंब्याच्या मागे जातं. पण इंग्रजीत तेच वाक्य सरळ ॲक्टिव्ह. पॅसिव्हच्या जवळचा आपला प्रयोग 'रामाकडून आंबा खाल्ला गेला', म्हणजे नवीन कर्मणी. ही दोन खाती मिसळली की पुढे सगळा हिशेब चुकतो.

या प्रकरणात ते फार नडलं. फारसी भूतकाळात क्रियापद कर्त्याच्या मागे चालतं, म्हणून आदर 'अंद'मध्ये बसतो. मराठीत 'साहेबांनी जमीन दिली' म्हटलं की 'दिली' जमिनीच्या मागे जातं. कर्ता लिहिला नाही तर आदराला बसायला जागाच उरत नाही. एके काळी फारसीची रीतही आपल्यासारखीच होती. बिसुतूनच्या कड्यावर, सुमारे 2500 वर्षांपूर्वी, पहिल्या दारियसने कोरवून घेतलं आहे: 'मना कर्तम्', माझं केलेलं. संस्कृतातल्या 'मम कृतम्'ची ही सख्खी बहीण. पुढे फारसीने ती रीत सोडून 'कर्दम' धरलं, म्हणजे 'मी केलं', क्रियापद कर्त्याशी जुळवून. आपण मात्र अजूनही 'मी भाकर केली' म्हणतो आणि क्रियापद भाकरीशी जुळवतो.

सनदेत आणखी एक जागा होती. खालच्या बाजूला 'हर साल सनदे मुजद्दद नतलबंद'. दरसाल नवी सनद मागू नये, हे अशा सनदांतलं ठरीव वाक्य. शिकस्ता या घाईच्या लिपीत मुनशी नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळतात. वर नुक्ता असला तर 'न', खाली असला तर 'ब', आणि 'बतलबंद' झालं तर अर्थ उलटा: मागावी! इथे नुक्ता नाहीच. वाक्य ठरीव आहे हे माहीत असलं तरच सुटतं. जुन्या भाषांतरकाराने ते बरोबर ओळखलं, त्याला दाद दिलीच पाहिजे. पण लिहिताना 'नो फ्रेश सनद शॅल बी डिमांडेड' केलं आणि मराठीत ते 'नवीन सनद मागितली जाणार नाही' झालं. हुकमाचं आश्वासन झालं. मूळ वाक्याला कर्ता आहे, वरचा 'बायद के' (पाहिजे की) त्याला धरून आहे: 'देशमुख-देशपांड्यांनी दरसाल नवी सनद मागू नये.' मी तसं लिहिलं. म्हणजे ज्यांच्या वारसांनी हा दावा लावला, त्यांच्याच पूर्वजांना या जमिनीच्या वाटेला जाऊ नका असं हा कागद बजावतो आहे. पॅसिव्हने तेवढंच झाकलं होतं.

तिसऱ्या ओळीत 'ब मारफते' होतं, त्यापुढे एक नाव. इंग्रजीत तिथेही 'बाय'. मार्फत म्हणजे ज्याच्या हातून कागद पोचला तो, देणारा नव्हे. कर्ता, मध्यस्थ आणि मुदत, तिन्ही इंग्रजी एका 'बाय'मध्ये कोंबतं.

एवढं झालं तरी म्हाताऱ्याचा प्रश्न तसाच होता. वतनदारांनी नाही दिली, मग कोणी दिली? झेरॉक्समध्ये 'फर्मूदे-अंद'च्या आधी ओळीत दोन बोटं जागा कोरी होती. मी मूळ कागद मागितला. मुजावर चाचा दुसऱ्या दिवशी एसटीने आले, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली नळी घेऊन. त्या कोऱ्या जागेचं कारण मूळ पाहिल्यावर पक्कं झालं. थोर माणसाचं नाव मजकुराच्या ओळीत लिहायचं नाही, ते कागदाच्या माथ्यावर वेगळं लिहायचं आणि ओळीत तेवढी जागा सोडायची, अशी रीत होती. कर्ता आहे, पण तो वर बसला आहे. झेरॉक्सवाल्याने वरची कड कापली, कारण त्याला ती रिकामी वाटली. आणि मुळात ती कड उधईने खाल्लेली. उरलंय एका अक्षराचं गोल पोट आणि एक नुक्ता. तेवढ्यावरून नाव सांगणं म्हणजे अंदाज, आणि सही करून अंदाज देता येत नाही.

अंदाजाला इथे जागाही फार. 1724 साली साखरखेर्ड्याची लढाई जिंकल्यावर वऱ्हाड निजामाकडे गेलं, पण नागपूरकर भोसल्यांचा अंमलही बराच काळ सोबत चालला, 1803 च्या देवगावच्या तहापर्यंत. 1853 मध्ये वऱ्हाड कंपनीकडे आलं. फारसी कागद म्हणजे निजामाकडचा, असं म्हणावंसं वाटतं. पण सन कडेबरोबर गेला आहे.

मग मराठीत लिहायचं काय? 'ठरवण्यात आली' लिहिलं तर पुन्हा तोच झाकलेला कर्ता. 'त्यांनी ठरवून दिली' लिहिलं तर पुन्हा 'देम'. जुन्या मोडी कागदांत यावर सुरेख तोड आहे: 'सरकारातून दिल्हे', 'हुजुरून दिल्हे'. माणूस न सांगता ठिकाण सांगायचं, आदरही राहतो आणि दिशाही कळते. मला ते फार आवडतं. पण 'हुजूर' हा शब्द या कागदावर नाही, आणि नसलेला शब्द घालायचा तर मी त्या जुन्या भाषांतरकाराहून वेगळा कसा?

शेवटी लिहिलं: 'पाच बिघे जमीन दिव्याकरिता [वरिष्ठांनी, नाव माथ्यावरच्या फाटलेल्या भागात] मुक्रर फर्मावली आहे.' कार्यालयातून ते परत आलं. भाषांतरात कंस चालत नाहीत, 'मुक्रर करण्यात आली' असं शासकीय भाषेत लिहा. बाबू वाईट नाही, त्याला तसंच शिकवलं आहे. मी कंस काढला आणि त्यातला मजकूर खाली वेगळी टीप म्हणून घातला. 'फर्मावली आहे' तसंच ठेवलं. आणि त्याच्या आधी, ओळीत, दोन बोटं जागा कोरी सोडली.

चाचांना हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हंजे थ्या लोकायनं नाई देल्ली, हे तं पक्कं?" पक्कं, म्हटलं. तारीख पुढच्या महिन्यात आहे. टाइप करणाऱ्या पोराला तीनदा बजावलंय, ती मोकळी जागा चूक समजून बंद करू नकोस.