कॉमेटची चिऱ्याची टाकी: पहिला पावसाळा आणि केएचची भानगड

टाकी गळत नाही, मासे खातायत, गणपती होऊन गेले आणि पावसाचा जोर पण उतरला, तर आता निवांत अपडेट लिहितो.

मागचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. भाच्याची बदली झाली तेव्हा त्याचे पाच गोल्डफिश आमच्याकडे रत्नागिरीजवळ आले, दोन कॉमेट, एक शुबंकिन, दोन ओरांडा, आणि सगळे एकाच दोन फुटी टँकमध्ये. 24 बाय 12 बाय 15 इंच, म्हणजे काठोकाठ भरला तरी 70 लिटर. एवढ्यात पाच गोल्डफिश म्हणजे परवा बदललेलं पाणी आज वास मारायला लागतं. दुकानात बिनधास्त सांगतात की मासा टँकच्या मापाने वाढतो, काही टेन्शन नाही. तसं नसतं हो. घाण पाण्यात वाढ खुंटते, तो मासा "लहान जातीचा" होत नाही, आजारी राहतो एवढंच. कॉमेट नीट वाढला तर फूटभर होतो, ओरांडा सात-आठ इंच, आणि दहा-पंधरा वर्षं आरामात जगतात. इंग्लंडमध्ये टिश नावाचा गोल्डफिश 1956 साली जत्रेत बक्षीस मिळालेला, तो 1999 पर्यंत होता, 43 वर्षं! म्हणजे पाचवीतल्या पोराने हट्ट करून घेतलेला मासा पुढे त्याच्याच पोरांना सांभाळावा लागू शकतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

पहिलं काम म्हणजे दोन घरं वेगळी केली. कॉमेट आणि शुबंकिन एकेरी शेपटीचे, सुसाट, दाणा पडला की आधी तेच, आणि ओरांडा बिचारे डोक्यावरचा मुकुट सांभाळत डुलत येईपर्यंत सगळं साफ. त्यामुळे ओरांडांना पडवीत चार फुटी टँक, 48 बाय 18 बाय 18, साधारण 255 लिटर. लोखंडी स्टँड मुद्दाम घेतला नाही, खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको आणि वर वजन तीनशे किलोच्या आसपास, मग सरळ जांभ्या दगडाचे चिरे रचले, वर प्लायवूड आणि थर्माकोल. त्या टँकबद्दल बाकी सांगण्यासारखं काही नाही, चाललाय मस्त.

खरी गंमत बाहेरच्या टाकीची. घराच्या मागे, माडांच्या सावलीत, 6 फूट बाय 4 फूट, आतून अडीच फूट खोल, पाणी 2 फूट ठेवतो म्हणजे 1350 लिटरच्या आसपास. दीड फूट जमिनीत आणि एक फूट वर. जमिनीत असल्याने दुपारी पाणी कमी तापतं आणि वरच्या कठड्यामुळे अंगणातलं मातीचं पाणी आत येत नाही. चिरा पाणी पितो त्यामुळे आतून वॉटरप्रूफिंग घालून प्लास्टर केलंच पाहिजे, त्यात काटकसर करू नका.

आता नवं प्लास्टर. त्यातून चुना सुटतो, पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कली याचं माप) 10 च्या वर जातो आणि तिथे मासा टिकत नाही. थोडा जरी पीएच चढा राहिला तरी दुसरा त्रास होतो, 25 डिग्रीला पीएच 7 असेल तर माशांच्या घाणीतून येणाऱ्या एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8 ला तोच 5 टक्क्यांच्या वर जातो. म्हणून भरायची, रिकामी करायची, परत भरायची. गवंडी म्हणाला, "केळीचे गाभे तोडून टाका आत, टाकी निवेल." टाकले. आपल्याकडे हा जुनाच प्रकार आहे. गाभे कुजले की घाण वास येतो, ते काढून टाकी परत दोनदा धुतली, व्हिनेगरने भिंती घासल्या आणि पीएच चाचणीत 7.5 वर स्थिर दिसला तेव्हाच मासे सोडले.

फिल्टर घरगुती. निळा ड्रम कापून टाकीच्या काठावर उंच बसवलाय, पंप पाणी वर चढवतो आणि ते स्पंज, भांडी घासायचे प्लॅस्टिकचे काथे आणि फुटक्या कौलांचे तुकडे यातून खाली गळतं. कौल म्हणजे भाजलेली माती, भोकंभोकं असतात, ही घाण पचवणाऱ्या बॅक्टेरियाला राहायला झक्कास, आणि आमच्याकडे फुटकी कौलं काय कमी आहेत! ओरांडांच्या जुन्या फिल्टरमधला मळका स्पंज यात पिळला, नाहीतर नवीन फिल्टर पिकायला, म्हणजे त्यात बॅक्टेरिया रुजायला, चार ते सहा आठवडे सहज जातात.

इथपर्यंतचं बरेच जण करतात. मला जे सांगायचंय ते पुढे आहे, कारण आपल्या भागात मोठी टाकी बांधून काम संपत नाही.

आपलं विहिरीचं पाणी जांभ्यातून येतं, मऊ असतं, केएच, म्हणजे पाण्याची आम्ल जिरवायची ताकद, जवळपास नाहीच. थेंबांच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डिग्री, आणि आमच्या विहिरीच्या पाण्याचा रंग पहिल्या-दुसऱ्या थेंबालाच बदलतो. आता फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते हा केएच खातं, 1 मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनमागे सुमारे 7 मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात). म्हणजे मासा जेवढा मोठा, तेवढा जास्त खातो, तेवढी घाण जास्त, आणि तेवढा केएच लवकर संपतो. एकदा का संपला की पीएच घसरतो, साडेसहाच्या खाली बॅक्टेरिया सुस्तावतात आणि 6 ला जवळपास बंद पडतात, मग अमोनिया साचतो. लहान माशांवर वर्षभर ठीक चाललेलं पाणी मासे वाढले की एकाएकी बिघडतं आणि लोक म्हणतात "पाणी तर स्वच्छ दिसत होतं".

त्यात जुलै. हिशोब करा, 6 बाय 4 फूट म्हणजे 2.2 चौरस मीटर, एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला (आपल्याकडे जुलैमध्ये त्याचं कोणाला कौतुक नाही) की 220 लिटर पावसाचं पाणी थेट टाकीत, आणि पावसाच्या पाण्यात केएच शून्य. सलग झडी लागली की आठवड्यात टाकीतलं अर्ध्याहून जास्त पाणी पावसाचंच. वर पागोळीचं पाणी आलं तर विचारूच नका, छपराएवढा पाऊस आणि सोबत शेवाळ, पक्ष्यांची घाण. म्हणून टाकी पागोळीपासून लांब हवी आणि ओव्हरफ्लो हवाच, त्याच्या तोंडावर जाळी, नाहीतर मासे वाहून पऱ्याला (ओढ्याला).

उपाय आपल्या दारातच आहे. कालवं आणि तिसऱ्या खाऊन झाल्या की शिंपले फेकू नका. चांगले उकळायचे, घासायचे, उन्हात कडक वाळवायचे, फोडायचे आणि कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून ड्रममध्ये अशा जागी ठेवायचे की पाणी त्यातूनच जाईल. हा सगळा कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लाकडे झुकलं की जास्त विरघळतो आणि पीएच साडेसातच्या वर असला की फारसा नाही, म्हणजे आपोआप सांभाळून घेतो. माझ्याकडे तीन पिशव्या आहेत, वर चिकट थर बसला की काढून घासतो. आई म्हणते, "माश्यांसाठी आता कालवं पण मलाच निवडायला लावतोस काय रे?" पण निवडते.

शिंपल्यांचं काम सावकाश चालतं हे मात्र लक्षात ठेवा. धो धो चार दिवस पडला आणि केएच एकवर आला तर खायचा सोडा, धुण्याचा नाही, 1300 लिटरला एक डिग्री चढवायला साधारण 40 ग्रॅम. बादलीत विरघळवून थोडा थोडा, एकदम नाही. या पावसाळ्यात टाकी त्यावरच तरली असं म्हटलं तरी चालेल.

पावसाळ्यातच ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकते, ते बरोबरच आहे, पण ते पाणी सरळ टाकीत नको. पिंपात एक दिवस एअर पंप लावून ठेवा किंवा अँटिक्लोरीन घाला. आणि आशाताई अळ्या बघायला येतात ना, त्यांनी बॅटरी मारून टाकी बघितली, एक अळी सापडली नाही. कॉमेट ठेवणार कुठे!

लाईटचं काय ते तुम्हाला माहीतच आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात किती गावं अंधारात बसली होती ते आठवून मी इन्व्हर्टरच्या भरवशावर न राहता बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवला. ड्रम वर असल्याचा फायदा इथे कळतो, लाईट गेली की पाणी खाली उतरतं, कौलं ओली राहतात पण हवेत राहतात, त्यामुळे बॅक्टेरिया गुदमरत नाहीत. बंद डब्याचा फिल्टर असेल तर बरेच तास बंद राहिल्यावर आतलं पाणी फेकून मगच चालू करा.

शत्रूंमध्ये बगळा आणि खंड्या. खंड्याला लहान मासा लागतो, आमचे आता त्याच्या चोचीबाहेरचे, पण बगळा अंगणात येऊन असा उभा राहतो की जणू टाकी त्यानेच बांधून घेतली. त्यावर जुनं मासेमारीचं नायलॉन जाळं टाकलं तर फुकटात काम होतं खरं, पण सैल जाळ्यात एक दिवड अडकला, सर्पमित्राला बोलवून जाळं कापून सोडवावा लागला. बिनविषारी आहे बिचारा, चावतो मात्र कडकडून. आता बांबूची चौकट आणि त्यावर ताणून बसवलेली प्लॅस्टिकची कडक जाळी.

खाणं बुडणारे दाणे दिवसातून दोनदा थोडे, मध्ये शिजवलेला सोललेला मटार, आणि अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती). अझोला शेजारच्या काकांनी कोंबड्यांसाठी लावलाय, ते मूठभर देतात, कॉमेट तुटून पडतात. भात घालू नका, घरातले कितीही म्हणाले तरी. "बघ कसे तोंड उघडून मागतायत" हे वाक्य आमच्याकडे रोजचं आहे, गोल्डफिशला पोट म्हणजे जठर नसतंच, तो कायम मागणारच.

गणपतीला मुंबईहून आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "एवढा खटाटोप कशाला, विहिरीत नाहीतर नदीत सोडून दे ना." अजिबात नको. गोल्डफिश तळ उकरून पाणी गढूळ करतो, आपल्या माशांची अंडी खातो, रोग नेतो, आणि एकदा रुजला की काढता येत नाही. कोणाला सांभाळणं जमत नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

आता डोक्यात मे महिना. 20 डिग्रीला पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, 30 डिग्रीला साडेसात, आणि नेमकं तेव्हाच माशाला जास्त लागतो. माडाच्या झावळ्यांची झापं विणून अर्ध्या टाकीवर मांडव घालणार आणि ड्रममधून पडणारं पाणी आणखी उंचावरून पाडणार. हिरव्या शेडनेटचा विचार चालू आहे पण किती टक्केवाली घ्यावी ते ठरत नाही, 50 की 75, कोणी किनाऱ्यावर उघड्या टाकीवर लावली असेल तर मेमधलं दुपारचं पाण्याचं टेंपरेचर तेवढं सांगा.