क्रियापद आधी शेवटी ठेवा

सोमवार

जर्मनच्या वर्गात ‘नेबेनझात्स’, म्हणजे गौण वाक्य, आलं की पोरं गप्प होतात. ‘आता क्रियापद शेवटी जाणार’ हे वाक्य काहीतरी अघटित घडणार अशा सुरात सांगितलं जातं. मराठी माणसाने याला का घाबरावं हे कळत नाही. आपलं क्रियापद जन्मापासून शेवटीच बसलेलं आहे.

‘वाइल इश हॉयटे आर्बायटेन मुस’ आणि ‘कारण मला आज काम करावं लागतं’ ही दोन वाक्यं वहीत एकाखाली एक लिहावीत. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, हॉयटे म्हणजे आज, आर्बायटेन म्हणजे काम करणं आणि मुस म्हणजे लागतं. ‘मला’ आणि ‘इश’ यांची विभक्ती जुळत नाही हे खरं, पण जागा सगळ्यांच्या जुळतात. इंग्रजीत हेच वाक्य करून पाहिलं की क्रियापद मध्ये येतं आणि मग सगळी उलथापालथ करावी लागते. आपली भीती तिथून आलेली आहे. आपण जर्मन शिकतो ती इंग्रजीचं बोट धरून. पुस्तकातली टिपणं इंग्रजीत, मोबाइलवरची ॲपं इंग्रजीत, आणि मनातल्या मनात भाषांतरही इंग्रजीतूनच.

खरं अवघड आहे ते पहिल्या धड्यातलं साधं वाक्य, ‘हाउप्टझात्स’. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी येतं, आणि ही सवय मराठीलाही नाही आणि आजच्या इंग्रजीलाही नाही.

म्हणून क्रम उलटा करावा असं माझं ठाम मत आहे. आधी ‘डास’ने (‘की’) सुरू होणारं वाक्य मराठीच्या वळणाने पूर्ण करायचं, मग त्यातून मुख्य वाक्य काढायचं. (देवनागरीत तो डासच दिसतो, त्याला इलाज नाही.) उदाहरणार्थ, ‘मी काल स्टेशनवर एका मैत्रिणीला भेटलो आहे’. शब्द त्याच ओळीत ठेवले की ‘डास इश गेस्टर्न आम बानहोफ आयने फ्रॉइंडिन गेट्रोफेन हाबे’ तयार होतं. आता ‘डास’ काढून टाकायचा. कर्त्याप्रमाणे बदलणारं क्रियापद तेवढं, म्हणजे ‘हाबे’, शेवटून उचलून दुसऱ्या जागी ठेवायचं. ‘इश हाबे गेस्टर्न आम बानहोफ आयने फ्रॉइंडिन गेट्रोफेन.’ पहिल्या जागी ‘काल’ हवं असेल तर ‘गेस्टर्न हाबे इश आम बानहोफ आयने फ्रॉइंडिन गेट्रोफेन’. स्टेशन हवं असेल तर ‘आम बानहोफ हाबे इश गेस्टर्न…’. ‘हाबे’ काही केल्या दुसरी जागा सोडत नाही.

यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ‘गेट्रोफेन’ला कोणी शेवटी नेऊन ठेवलेलं नाही. ते होतं तिथेच राहिलं, त्याच्या शेजारचं ‘हाबे’ निघून गेलं. पुस्तकं याला ‘झात्सक्लामर’ म्हणतात, वाक्याचा कंस. दुसऱ्या जागी कंसाची एक बाजू, शेवटी दुसरी. कंसाच्या अलीकडच्या, मधल्या आणि पलीकडच्या जागेला फोरफेल्ड, मिटेलफेल्ड आणि नाखफेल्ड म्हणतात. एरिश ड्राख या जर्मन अभ्यासकांनी १९३७ मध्ये वाक्य असं भागांत मांडलं, त्या विचारातून ही नावं पुढे रूढ झाली. क्रियापदाची मूळ जागा शेवटचीच आणि दुसऱ्या जागी ते नंतर जातं, ही मांडणी १९६०च्या दशकात मानफ्रेड बिअरविश वगैरे भाषावैज्ञानिकांनी केली. तेव्हा ‘डास’पासून सुरुवात करणं ही केवळ सोयीची युक्ती नाही.

तुटणारी क्रियापदंही याच हिशेबात बसतात. ‘डास इश डिश मॉर्गेन आनरूफे’, की मी तुला उद्या फोन करतो. यातलं ‘रूफे’ पुढे गेलं, ‘आन’ मागे राहिला: ‘इश रूफे डिश मॉर्गेन आन’. ‘आन शेवटी का जातो’ हा वर्गातला नेहमीचा प्रश्नच चुकीचा आहे. तो जात नाही, राहतो. ‘मुस’ (लागतं) किंवा ‘कान’ (शकतो) आलं तर पुढे जायला तेच असतं, म्हणून ‘इश मुस डिश मॉर्गेन आनरूफेन’, सगळं अखंड. क्रियापदाच्या मूळ रूपाआधी लागणारा ‘त्सू’ मात्र मध्येच शिरतो: आनत्सुरूफेन (फोन करायला).

मंगळवार

‘दुसरी जागा’ म्हणजे दुसरा शब्द नव्हे. जागा मोजायच्या त्या अर्थाच्या गठ्ठ्यांनी. ‘मायने श्वेस्टर आउस नागपूर उंड ईर मान कॉमेन मॉर्गेन’, म्हणजे माझी नागपूरची बहीण आणि तिचा नवरा उद्या येतात. क्रियापदाच्या आधी सात शब्द आहेत, पण गठ्ठा एकच. प्रश्न विचारून पाहावा: ‘कोण येतंय?’ याच्या उत्तरात जेवढं येईल तेवढी एक जागा.

अख्खं गौण वाक्यही एकच जागा अडवतं. ‘वेन एस रेग्नेट, ब्लायबे इश त्सू हाउझे.’ पाऊस पडला तर मी घरी राहतो. पहिल्या तुकड्याचं क्रियापद शेवटी, मग स्वल्पविराम, लगेच दुसरं क्रियापद. क्रियापद, स्वल्पविराम, क्रियापद हे डोळ्यांना विचित्र दिसतं, पण लिहून झाल्यावर तपासायला याच्याइतकी सोपी खूण नाही.

चूक होते ती इथे: ‘हॉयटे इश आर्बायटे’. वर्षानुवर्षं शिकलेल्यांच्याही तोंडून ती निसटते. कारण उघड आहे. ‘आज मी’ हे मराठीतही बरोबर आणि इंग्रजीतही बरोबर, त्यामुळे चुकीला दोन्हीकडून टेकू मिळतो. नियम पाठ केल्याने ही जात नाही, जिभेला जोडी लावावी लागते. आर्बायटे-इश, गेए-इश, हाबे-इश, मुस-इश हे एका दमात म्हणायचं, आणि मग त्यांच्या अलीकडे हॉयटे, मॉर्गेन, डान (मग), लायडर (दुर्दैवाने) यांपैकी काहीही लावायचं. रोज दहा मिनिटं मोठ्याने म्हटलं तरी फरक पडतो. मनात म्हणून उपयोग नाही.

जोडशब्दांचा घोळ वेगळा. उंड (आणि), आबर (पण), ओडर (किंवा), डेन (कारण), झोन्डर्न (तर उलट) हे पाच वाक्यात मोजले जात नाहीत, ते बाहेर उभे असतात आणि त्यांच्यामागे वाक्य पहिल्यापासून सुरू होतं. डेसहाल्प (म्हणून), ट्रोट्सडेम (तरीही) आणि डान (मग) मात्र स्वतःच पहिली जागा घेतात, लगेच क्रियापद. वाइल (कारण), ओबवोल (जरी), वेन (जर, जेव्हा), डास (की) क्रियापदाला शेवटी ठेवतात. एकच मजकूर तिन्ही प्रकारांनी लिहिण्याचा सराव सगळ्यांत फायद्याचा. मी घरी राहतो, आजारी आहे. ‘इश ब्लायबे त्सू हाउझे, डेन इश बिन क्रांक.’ ‘इश ब्लायबे त्सू हाउझे, वाइल इश क्रांक बिन.’ ‘इश बिन क्रांक, डेसहाल्प ब्लायबे इश त्सू हाउझे.’ अर्थ तोच, आणि ‘बिन’ आणि ‘ब्लायबे’ कुठे बसले ते तिन्हीत ताडून पाहायचं.

जर्मनीत कामाला आलेले इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज कामगार जर्मन कशी आत्मसात करतात, याचा अभ्यास १९७०-८०च्या दशकांत मायझेल, क्लाझेन आणि पीनेमान या भाषावैज्ञानिकांनी केला. त्यांना क्रम असा दिसला: आधी कंस जमतो, मग कर्ता-क्रियापदाची अदलाबदल, आणि गौण वाक्यातलं शेवटचं क्रियापद सर्वांत उशिरा. आपल्या पाठ्यपुस्तकांची चढणही साधारण तशीच असते. पण ते शिकणारे ज्या भाषा बोलत होते त्यांत क्रियापद मध्ये असतं. मराठी माणसाने तीच चढण त्याच बाजूने का चढावी?

बुधवार

‘निश्ट’बद्दल. ‘इश केने ईन निश्ट’ म्हणजे ‘मी त्याला ओळखत नाही’. किती गोड जुळणी, नकार शेवटी! आणि इथेच मराठी दगा देते. पुढच्याच वाक्यात ‘इश हाबे ईन गेझेएन निश्ट’ असं लिहिलं जातं, ते साफ चूक. बरोबर आहे ‘इश हाबे ईन निश्ट गेझेएन’ (मी त्याला पाहिलं नाही).

पुन्हा ‘डास’कडे जायचं. ‘डास इश ईन निश्ट केने’: निश्ट क्रियापदाच्या अलीकडे आहे. ‘केने’ उचलून पुढे नेलं, म्हणून निश्ट उघडा पडला आणि शेवटचा वाटला. मराठीतला ‘नाही’ क्रियापदाच्या नंतर, जर्मनचा आधी, एवढाच फरक आणि तो कायमचा. क्रियापदाला चिकटलेलं आणखी काही असेल, म्हणजे कुठे जायचं ते ठिकाण किंवा कसं आहे ते विशेषण, तर निश्ट त्याच्याही अलीकडे: ‘इश गेए हॉयटे निश्ट नाख हाउझे’ (मी आज घरी जात नाही), ‘डास एसेन इस्ट निश्ट वार्म’ (जेवण गरम नाही). एकाच शब्दाला नाकारायचं असेल तर त्या शब्दाला लागून: ‘निश्ट हॉयटे, झोन्डर्न मॉर्गेन’ (आज नाही, उद्या).

गुरुवार

कंसाच्या आतला क्रम. वर्गात ‘टेकामोलो’ शिकवतात: आधी वेळ, मग कारण, मग रीत, मग ठिकाण. ‘इश फारे मॉर्गेन मिट डेम त्सूग नाख मुंबई’, ‘मी उद्या गाडीने मुंबईला जातो’. आपल्याला हे शिकवावंही लागत नाही. फक्त हा नियम पत्थर की लकीर समजू नये. जे आधीच माहीत आहे ते अलीकडे आणि जे नवं आहे ते पलीकडे, हा ओढा त्याहून जोरदार असतो.

लक्ष द्यावं ते सर्वनामांकडे. मिर (मला), डिर (तुला), ईन (त्याला), एस (ते), झिश (स्वतःला) ही छोटी मंडळी क्रियापदाला खेटून बसतात, कर्ता नाम असेल तर त्यालाही मागे सारून: ‘मॉर्गेन गिप्ट मिर माइन ब्रूडर डास गेल्ड’. मराठीतही ‘उद्या मला माझा भाऊ पैसे देतो’ हे सहज येतं. कर्त्याकडेच परत येणारं ‘झिश’ मात्र मराठीत असं जागोजागी लागत नाही, म्हणून तो हमखास लांब शेवटाकडे घरंगळतो किंवा गळूनच जातो. दोन नामं असतील तर ज्याला द्यायचं ते आधी, वस्तू नंतर: ‘इश गेबे डेम मान डास बूख’ (मी त्या माणसाला पुस्तक देतो). दोन्ही सर्वनामं झाली की उलट: ‘इश गेबे एस ईम’ (मी ते त्याला देतो).

शुक्रवार

शेवटी क्रियापदांचा घोस येतो तेव्हा बी२ या वरच्या पातळीच्या वर्गातही माना खाली जातात. ‘डास डास हाउस १९५० गेबाउट वॉर्डेन इस्ट.’ तीन शब्द उलगडा: गेबाउट, बांधलं; वॉर्डेन, गेलं; इस्ट, आहे. ‘की ते घर १९५० मध्ये बांधलं गेलं आहे.’ जसंच्या तसं! एक अपवाद खटकतो. ‘डास एर निश्ट हाट कॉमेन क्योनेन’, म्हणजे तो येऊ शकला नाही, इथे ‘हाट’ घोसाच्या पुढे उडी मारतो आणि मराठी कामाला येत नाही. लिहिताना तो टाळून ‘डास एर निश्ट कॉमेन कोन्टे’ लिहावं. जर्मनही बहुतेक वेळा तेच करतात.

दुसरी धास्ती लांबलचक विशेषणांची. ‘डास गेस्टर्न इन पुणे गेकाउफ्टे बूख’ म्हणजे ‘ते काल पुण्यात विकत घेतलेलं पुस्तक’. सरकारी पत्रात येतं ‘डी बिस त्सुम ३१ मेर्त्स आइनत्सुरायशेन्डेन उंटरलागेन’, म्हणजे ‘३१ मार्चपर्यंत सादर करायची कागदपत्रं’. इंग्रजीतून आलेला इथे वाक्य मोडून नव्याने रचतो, आपण सरळ वाचत जायचं. खूण एवढीच: नामाआधी लागणाऱ्या डेर, डी, डास या उपपदांनंतर नाम किंवा विशेषण न येता ‘बिस’ (पर्यंत), ‘इन’ (मध्ये), ‘फोन’ (कडून) किंवा ‘गेस्टर्न’सारखं काही आलं, की नाम पुढे कुठेतरी वाट पाहतंय असं समजायचं आणि ते सापडेपर्यंतचा सगळा मजकूर त्याचं विशेषण मानायचा. परीक्षेच्या वाचनात यावर बराच वेळ वाचतो.

शनिवार

ऐकण्याबद्दल, विशेषतः नर्सिंगसाठी तयारी करणाऱ्यांना. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून जर्मनचं नाव जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलं आहे. पाळी बदलताना रुग्णालयात एक जण दुसऱ्याला माहिती देतो, त्यातलं वाक्य बघा: ‘डेर आर्त्स्ट झेट्स्ट डास मेडिकामेन्ट हॉयटे आप’. डॉक्टर ते औषध आज बंद करतात. शेवटी ‘आप’ऐवजी ‘आन’ असतं तर आज सुरू करतात. डॉक्टर, औषध, आज हे सगळं कळूनही शेवटचं एक अक्षर हुकलं तर अर्थ नेमका उलटा. वजनाचंही तसंच: ‘निम्ट आप’ म्हणजे घटतंय, ‘निम्ट त्सू’ म्हणजे वाढतंय.

हा कान आपल्याला असतोच. ‘डॉक्टरांनी हे औषध आजपासून द्यायला सांगितलेलं…’ इथे कोणी मराठी माणूस उठून निघत नाही, पुढे ‘आहे’ येतं की ‘नाही’ याची वाट पाहतो. जर्मन ऐकताना तोच धीर धरायचा. सरावाला ध्वनिफीत लावावी आणि प्रत्येक वाक्यातला फक्त शेवटचा शब्द लिहून काढावा, बाकी काही नाही. मग दुसऱ्यांदा ऐकताना फक्त दुसऱ्या जागेचं क्रियापद. दोन्ही जोडले की वाक्याचा सांगाडा हाती येतो.

एक राहिलंच. तिथे रस्त्यावर ‘वाइल इश हाब काइने त्साइट’ (कारण मला वेळ नाही) असंही कानावर पडेल, ‘वाइल’नंतर क्रियापद सरळ दुसऱ्या जागी. बोलण्यात हे सर्रास चालतं, त्यामुळे आपण शिकलो ते चूक की काय असं वाटू द्यायचं नाही. परीक्षेच्या कागदावर आणि अर्जात ‘वाइल इश काइने त्साइट हाबे’ असंच लिहायचं.