चार बोर्ड आणि एक 'विशाखा'

27 फेब्रुवारीसाठी आमच्या वाचनालयात मराठीतल्या चार ज्ञानपीठवाल्यांचे बोर्ड लावायचे ठरले आणि मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खांडेकर 1974, कुसुमाग्रज 1987, विंदा 2003, नेमाडे 2014. म्हटलं नेटवरून घेऊ, संध्याकाळपर्यंत उरकेल. आठवडा गेला!

पहिला गोंधळ नावाचा. एका ठिकाणी कुसुमाग्रजांचं नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर, दुसरीकडे विष्णु वामन, आणि खाली कोणीतरी भांडतंय की हे चूक आहे. चूक कोणीच नाही, जन्मनाव गजानन, काकांकडे दत्तक गेल्यावर विष्णु वामन झाले. मग खांडेकरांचं बघितलं तर तिथेही तेच, गणेश आत्माराम होते, दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. म्हणजे दोघेही गणपतीचे विष्णू झाले, हे बघून मला एकटीलाच हसू आलं.

खरी डोकेदुखी पुढे. जिथे बघावं तिथे 'कुसुमाग्रजांना विशाखासाठी ज्ञानपीठ'. विंदांना 'अष्टदर्शने'साठी, नेमाडेंना 'हिंदू'साठी. दहा ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार असं मी पण धरलं होतं, पण एक गोष्ट खटकली, 'विशाखा' आलं 1942 ला आणि पुरस्कार 45 वर्षांनी? मग ते अख्खं वाक्य कॉपी करून सर्च केलं, तर सगळीकडे शब्दन् शब्द सारखं, अगदी एक चुकलेली वेलांटी पण सारखी. म्हणजे दहा पुरावे नव्हतेच, एकच होता आणि तोही कोणाचा ते कुठेच लिहिलेलं नाही.

शेवटी पुरस्काराचे नियमच वाचले, हे आधी करायला हवं होतं. ज्ञानपीठ आधी एका पुस्तकाला मिळायचा, म्हणून खांडेकरांना 'ययाती'साठी हे बरोबर. पण 1982 पासून तो लेखकाच्या एकूण साहित्यासाठी दिला जातो, त्यामुळे नंतरच्या तिघांपुढे पुस्तकाचं नाव जोडणंच चूक. 'नटसम्राट'चं पण असंच, त्याला 1974 चा साहित्य अकादमी आहे आणि लोक तो ज्ञानपीठात ढकलून मोकळे होतात.

वाचनालयात एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा बसतो, त्याने माझा कच्चा मजकूर वाचला आणि म्हणाला, "काकू, विशाखा राहिलं की." मी नियम दाखवला, तर त्याने गाईड काढलं. त्यात विशाखा. दुसरं काढलं, त्यातही विशाखा. मी विचारलं, या गाईडवाल्यांनी कुठून घेतलं ते लिहिलंय का कुठे? त्याने पुढची मागची सगळी पानं चाळली, नव्हतं. मग मलाच म्हणतो, "तुमचं पटलं, पण पेपरात आलं आणि ऑप्शनला विशाखा असलं तर मी तेच टिक करणार." काय बोलणार! त्याचा मार्क मी थोडीच देणारे.

बोर्डावर शेवटी 'एकूण साहित्यासाठी' असंच लिहिलं, आणि 'विशाखा' खाली वेगळ्या ओळीत, नुसतं कवितासंग्रह 1942 म्हणून. प्रूफ तीनदा वाचून दिलं आणि फ्लेक्सवाल्याने चारही बोर्डांवर 'ज्ञानपिठ' छापून आणलं. आदल्या रात्री दहा वाजता बसून स्टिकर लावले.