आयोनियन समुद्रात शिडाची बोट: खरा कस धक्क्यावर

ग्रीसच्या आयोनियन बेटांमध्ये स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, भाड्याने न घेता, आपली आपण शिडाची बोट चालवत फिरायचं ठरलं, तेव्हा घरच्यांपासून ऑफिसपर्यंत सगळ्यांनी विचारलं ते वाऱ्याबद्दल आणि लाटांबद्दल. संध्याकाळी बोट धक्क्याला कशी लावणार, हे कुणीच विचारलं नाही. कस लागतो तो तिथेच, म्हणून त्याबद्दल जास्त लिहिते.

आधी कागदपत्रं. ग्रीसमध्ये अशी बोट भाड्याने घ्यायला स्किपरकडे मान्य प्रमाणपत्र लागतं, शिवाय बोट हाताळता येणारा आणखी एक जण लागतो. मुंबई बंदरात मी लहान शिडाच्या बोटी बरीच वर्षं चालवत आले, पण तेवढ्यावर भागत नाही. त्यामुळे ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा डे स्किपरचा प्रॅक्टिकल कोर्स केला. नुसती थिअरी करून उपयोग नाही, हे लक्षात ठेवा. दुसरं नाव नवऱ्याचं दिलं. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा मागतात. आमचा मुक्काम बोटीवरच, म्हणून चार्टरचा, म्हणजे बोट भाड्याने घेतल्याचा करार, सगळ्यांची नावं असलेली क्रू लिस्ट आणि कुठल्या रात्री कुठे, हे सांगणारं पत्र जोडलं. व्हिसा आला. अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर काही हजार युरो अडकवून ठेवतात, तेव्हा कार्डाची मर्यादा निघण्यापूर्वीच वाढवून घ्यावी.

ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्राऐवजी पश्चिमेकडचा आयोनियन निवडण्यामागे कारण होतं. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर मेल्तेमी हा उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस जोर धरून असतो. आयोनियनमध्ये उन्हाळ्यात बहुधा सकाळ शांत जाते, दुपारनंतर वायव्येकडून माइस्त्रो हा वारा उठतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. बेटंही जवळजवळ. सप्टेंबर मात्र मी टाळला: 2020 च्या सप्टेंबरमध्ये इआनोस वादळाने इथल्या केफालोनिया आणि इथाका या बेटांना झोडपलं होतं. आम्ही जूनमध्ये गेलो. मी, नवरा, धाकटे दीर आणि जाऊबाई.

लेफकाडा बेटाच्या मरीनातून दक्षिणेकडे कालव्याने बाहेर पडायचं. दोन्ही बाजूंना उथळ पाणी असल्यामुळे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांची रांग सोडायची नाही. पुढे मेगानिसी बेटाकडे जाताना वाटेत स्कोर्पिओस लागतं. हे एकेकाळी ग्रीक जहाजमालक ओनासिस यांचं खाजगी बेट होतं. 1968 च्या ऑक्टोबरमध्ये जॅकलीन केनेडींशी त्यांचं लग्न इथेच झालं. सगळ्यांनी फोटो काढले. माझं लक्ष मात्र संध्याकाळच्या धक्क्याकडे लागलं होतं.

आपल्याकडे मुंबईत मोठ्या उधाणाला भरतीचं पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक फार थोडा, इथे तर काही सेंटिमीटरच. म्हणूनच बोटीची मागची बाजू थेट दगडी धक्क्याला लावून, फळी टाकून गावात उतरता येतं. पुढून नांगर, मागून दोन दोर. एकेका धक्क्यावर अशा बोटी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात.

पद्धत अशी. फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायचे फुगे) आणि मागचे दोर बाहेरच, मोकळ्या पाण्यात बांधून घ्यायचे. जागा हेरली की बोटीच्या लांबीच्या तीन-चार पट अंतरावरून नांगर सोडायचा आणि रिव्हर्स घ्यायचा. रिव्हर्समध्ये पंखा (प्रोपेलर) बोटीला एका बाजूला ओढतो. आमची डावीकडे जायची. सुरुवातीलाच जरा वेग घेतला की सुकाणू ऐकू लागतं. फार हळू गेलात तर वारा बोटीच्या नाकाडाला धरून तिला बाजूला फिरवतो. साखळी मोकळी सुटत राहिली पाहिजे, नाहीतर नांगर तळावरून घसरत मागे येतो. दीर पुढे नांगरावर. "वहिनी, किती सोडू?" "चाळीस मीटर, थांबवू नका!" धक्का जवळ आला की आधी वाऱ्याच्या बाजूचा दोर, मग दुसरा, आणि शेवटी साखळी ताणून घ्यायची. ती ताणली जात नसेल तर नांगर धरलेला नाही. सगळं सोडून पुन्हा बाहेर जायचं. मेगानिसीच्या वाथी गावात आम्ही असंच परत बाहेर गेलो, पुन्हा लावली. त्यात काही गैर नाही, धक्क्यावरचे लोकही शांतपणे दोर घ्यायला थांबतात.

इथाकामधल्या किओनी गावात सकाळी निघताना आमच्या नांगरावर शेजारच्या बोटीची साखळी आलेली. हे इथे नेहमीचं, घाबरू नये. नांगर दुसऱ्याच्या साखळीसकट वर घ्यायचा, त्या साखळीखालून एक दोर घालून दोन्ही टोकं बोटीवर बांधायची, मग आपला नांगर थोडा खाली सोडून बाजूला काढायचा. नांगर सुटला की दोराचं एक टोक सोडून द्यायचं. हे करताना हात साखळीपासून लांब ठेवायचे, एवढं मी दिरांना बजावून सांगितलं होतं.

केफालोनियातलं फिस्कार्दो मला सगळ्यांत आवडलं. 1953 च्या भूकंपात केफालोनियाची बहुतेक गावं पडली, फिस्कार्दोची जुनी घरं राहिली. पण तिथे जागेची मारामारी. दुपारी एकच्या आत पोचलो तेव्हा धक्का मिळाला. नंतर आलेल्यांनी उत्तरेच्या खडकांना लांब दोर बांधून रात्र काढली. खाडीत नांगरायचं झालं तर तळ वाळूचा किंवा चिखलाचा बघावा. पोसिडोनिया या समुद्रतळाच्या गवतावर नांगर टाकू नये: एक तर धरत नाही, आणि ते गवत उपटलं की परत वाढायला फार काळ लागतो. पाणी इतकं नितळ असतं की वाळूचा फिकट तुकडा बोटीवरूनच ओळखता येतो.

परतीचं वेळापत्रक सैल ठेवा. चार्टरचे आठवडे साधारण शनिवार ते शनिवार असल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सगळ्याच बोटी परततात आणि डिझेलच्या पंपावर रांग लागते. आमच्या बोटीखाली पाणबुड्याने उतरून कील (तळाचा वजनदार कणा), सुकाणू आणि पंखा तपासला, मग अनामत मोकळी झाली. पुढच्या वेळी अथेन्सजवळची सारोनिक बेटं करायची आहेत. एजियनमधल्या सायक्लाडीस बेटांचा विचार दिरांनी आणखी थोडा सराव केल्यावर, आणि तोही मे किंवा जूनमध्येच.