अनुभव : 0 वर्षं

नोकरीचे अर्ज चाळणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरनं एका मुलीच्या नावापुढे एवढंच भरलं होतं : अनुभव 0 वर्षं, ई-मेल रिकामं, फोन रिकामा. जागा होती जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस येणाऱ्या अनुभवी माणसाची, त्यामुळे अर्ज सरळ नाकारलेल्यांच्या ढिगात. या ढिगात अधूनमधून हात घालायची मला खोड आहे. एचआरमधल्या आमच्या सहकारी बाईंना ती अजिबात आवडत नाही. ‘दादा, आधी निवडलेले तर बघा,’ त्या म्हणाल्या.

निवडलेल्यांची तऱ्हा अशी. एका गृहस्थांनी 2011 पासून स्प्रिंग बूट या जावाच्या साधनावर काम केल्याचं लिहिलं होतं. स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती आली एप्रिल 2014 मध्ये. दुसऱ्यानं आमची अख्खी जाहिरात बारीक पांढऱ्या अक्षरांत पानाच्या तळाशी चिकटवली होती. कागदावर दिसत नाही, पण सॉफ्टवेअर वाचतं आणि गुण देतं, हा त्यामागचा हिशोब. फक्त सॉफ्टवेअर जे वाचतं ते आम्हालाही साध्या मजकुरात दाखवतं. आमच्याच जाहिरातीतली स्पेलिंगची चूक सुद्धा जशीच्या तशी आली होती.

म्हणून मग 0 वर्षंवालीची मूळ पीडीएफ उघडली. डाव्या बाजूला निळा पट्टा, त्यात गोल फोटो, त्याखाली चांदण्या : जावाला पाचपैकी चार, एसक्यूएलला, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेला, साडेतीन. उजवीकडे नोकऱ्या. दिसायला देखणं. पण साधा मजकूर काढून बघितला तर डाव्या रकान्यातली ओळ उजव्या रकान्यातल्या ओळीला चिकटलेली. ‘छंद 2019 वाचन सॉफ्टवेअर बॅडमिंटन इंजिनिअर 2023’ अशी खिचडी. यातून अनुभवाची वर्षं कोण शोधणार? फोन आणि ई-मेल हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या समासातल्या पट्टीत होते, आणि आमचं सॉफ्टवेअर हेडर वाचतच नाही. चांदण्या म्हणजे नुसती चित्रं, त्यांत अक्षर नाही. सगळीच सॉफ्टवेअर असा घोळ घालत नाहीत, पण समोरच्या कंपनीत कुठलं आहे हे अर्ज करणाऱ्याला कळायला मार्ग नाही. पीडीएफमधलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकायचं आणि ओळी क्रमानं येतात का बघायचं, ही तपासणी मिनिटभराची आहे. कोणी करत नाही.

आणि त्या साडेतीन चांदण्या. त्यातली अर्धी चांदणी म्हणजे काय? दोन टेबलं जोडणारा जॉइन येतो पण मनापासून नाही?

दुसऱ्या पानावर मात्र एक ओळ होती : ‘प्रॉडक्शनमधल्या अडचणी सोडवल्या.’ प्रॉडक्शन म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरत असलेलं सॉफ्टवेअर. आम्हाला नेमका असाच माणूस हवा होता. त्याखाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, ‘अविवाहित’ आणि ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ असं प्रतिज्ञापत्र. पत्रिका जोडली असती तर स्थळ म्हणून चाललं असतं.

इंदूरच्याच सुदामानगरची मुलगी. दुपारी विजयनगरच्या आमच्या ऑफिसात आली. मी विचारलं, ‘अडचणी सोडवल्या म्हणजे काय केलंत?’

‘सपोर्टचं काम होतं सर. विशेष काही नाही.’

‘एखादी सांगा ना.’

मग हळूहळू बाहेर आलं. रुग्णालयांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर. महिनाअखेरचा अहवाल काढायला चाळीस मिनिटं लागायची, तेवढ्यात काउंटरवरची बिलं अडकायची. सगळे म्हणत होते सर्व्हर मोठा घ्या. हिनं क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, एक्स्प्लेन लावून डेटाबेस उत्तर कसं शोधतो ते बघितलं. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी, होता, तरी डेटाबेस अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत चाळत होता. कारण क्वेरी लिहिणाऱ्यानं तुलना करताना कॉलमला डेट फंक्शनमध्ये गुंडाळलं होतं. साधा इंडेक्स कॉलमच्या मूळ किमतीवर असतो, फंक्शनमधून निघालेल्या उत्तरावर नसतो, त्यामुळे तो वापरलाच जात नव्हता. हिनं फंक्शन काढलं आणि अट बदलली : महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पुढे, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आत. अहवाल दोन मिनिटांच्या आत. सर्व्हर तोच.

हे सांगताना तिनं टेबलावरच्या पाठकोऱ्या कागदावर दोन्ही अटी एकाखाली एक लिहून दाखवल्या. पाचपैकी किती चांदण्या, हे विचारायची गरजच उरली नाही.

‘हे रेझ्युमेत का नाही?’

‘ते तर रोजचंच होतं ना सर. आणि कॉलेजच्या नमुन्यात अशी जागाच नव्हती.’

मुलाखत संपल्यावर आम्ही तिथंच तिचा रेझ्युमे नव्यानं मांडला. खरं तर हे माझं काम नव्हे, बाई घड्याळाकडे बघत होत्या. एकच रकाना, साधी अक्षरं, नाव-फोन-ई-मेल हेडरमधून काढून पानावर. सगळ्यात वर अलीकडची नोकरी आणि तिच्याखाली पहिली ओळ त्या अहवालाची : कुठल्या प्रकारची प्रणाली, काय अडलं होतं, काय बदललं, चाळीसचे किती झाले. रुग्णालयाचं नाव नाही, ते जुन्या मालकाचं गुपित. जावाची आवृत्ती लिहिली, कारण जावा 8 वरचा माणूस आणि जावा 17 वरचा माणूस यांत फरक पडतो. स्प्रिंग बूट 3 तर 17 च्या खाली चालतच नाही. ‘मेहनती, टीममध्ये मिसळणारी’ हे गेलं. फोटो गेला. प्रतिज्ञापत्रापाशी ती अडली.

‘हे काढलं तर बाबा म्हणतील, सही कुठे करायची?’

काढलं. एका पानात बसलं.

ती गेल्यावर बाई म्हणाल्या, ‘मेहनती आणि टीममध्ये मिसळणारा उमेदवार हवा, हे आपणच जाहिरातीत लिहितो, दादा. मग ते तेच लिहून पाठवतात.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोमवारी जाहिरात बदलली. आता त्यात सरळ विचारतो की तुम्ही शोधून काढलेला एक बिघाड दोन ओळींत सांगा. अर्ज कमी येतात, पण वाचावेसे वाटतात.

तिला आम्ही ऑफर दिली. तिनं तेच एक पान पुण्याच्या एका कंपनीलाही पाठवलं होतं. त्यांनी आमच्यापेक्षा बराच जास्त पगार देऊ केला, तेही घरून काम करायच्या बोलीवर, म्हणजे सुदामानगर सोडायला नको. तिनं फोन करून नीट सांगितलं, आभार मानले. बाईंनी मला अजून माफ केलेलं नाही.