आठशेची नोंदवही: प्लग काढले, तिसरा तेलकट निघाला

गाडी तीच, १९९७ ची मारुती ८००. पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. कार्बोरेटर उघडून धुऊन झाला होता, तरी आयडलची, म्हणजे गाडी उभी असताना मंद चालणाऱ्या इंजिनाची, थरथर गेली नव्हती आणि चढावर झटके द्यायची. म्हणून या वेळी स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे प्लग, हातात घेतले.

लातूरच्या उन्हाळ्यात हे काम पहाटेच करावं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे, इंजिन गरम असताना प्लग फिरवला तर हेडचे आटे खराब व्हायची भीती. गाडी रात्रभर उभी होती, हेड गार होतं. आधी सायकलच्या पंपानं प्लगभोवतीची धूळ उडवली. आपल्या काळ्या मातीची धूळ लई बारीक असते, प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये उतरते. वायर एका वेळी एकच काढली, तीही टोपी धरून. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, १-३-२ आहे, पण एक प्लग पूर्ण बदलून त्याची वायर बसवल्यावरच पुढच्याला हात लावला की ती आठवायची वेळच येत नाही. पाना २१ मिलिमीटरचा.

आमच्या गल्लीतले गॅरेजवाले चाचा नेहमी सांगतात, "निकाला सो प्लग फेकना नई, पहले मेरेकू दिखाना." त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. जुना प्लग म्हणजे त्या सिलिंडरचं प्रगतिपुस्तक आहे. म्हणून तिन्ही प्लग कागदावर १, २, ३ लिहून त्याच क्रमानं ठेवले.

पहिला आणि दुसरा सारखेच: टोकाची चिनीमाती फिकट, जवळजवळ पांढरट. नीट जळणाऱ्या इंजिनात ती बदामी किंवा राखाडी-तपकिरी दिसायला हवी. पांढरट म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. एकाच सिलिंडरचा प्लग असा दिसला असता तर त्याच्याजवळच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय का ते आधी पाहिलं असतं. इथं दोन्ही सारखे, म्हणजे कारण सामाईक असणार. माझा संशय ई-२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ च्या आसपास. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. आपल्या कार्बोरेटरचा जेट म्हणजे ठरावीक मापाचं भोक, ते जुन्या पेट्रोलच्या हिशोबानं पाडलेलं. आपल्याच भागातल्या उसाच्या मळीचं इथेनॉल आता आपल्याच टाकीत येतंय, तेव्हा जुन्या गाडीवाल्यांनी प्लगचा रंग बघत राहणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालंय. समाधान एवढंच की चिनीमातीवर फोड किंवा वितळल्याचे ठिपके नव्हते, म्हणजे प्लग अति तापलेला नाही.

तिसरा मात्र काळा आणि ओला. कोरडी, बोटाला काजळीसारखी लागणारी काळी असती तर चोक किंवा एअर फिल्टरकडे बघितलं असतं. ही तेलाची चकाकी होती. तेल वरून व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलमधून उतरतंय की खालून पिस्टनच्या रिंगमधून चढतंय, हा खरा प्रश्न. सकाळी सुरू करताना मुलाला सायलेन्सरमागं उभं केलं: निळसर धुराचा एक झोत, मग साफ. मागं बीडला जाताना मांजरसुंब्याचा घाट गिअरमध्ये उतरलो आणि पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हाही आरशात असाच झोत दिसला होता. दोन्ही खुणा सीलकडे बोट दाखवतात. रिंग गेल्या असत्या तर चढावर, भार असताना धूर सतत राहिला असता. तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आधी कोरडा आणि मग सिलिंडरमध्ये थोडं तेल टाकून, असा दोन्ही वेळा मोजल्याशिवाय (तेलानं दाब वाढला तर दोष रिंगचा) हेडला हात लावणार नाही.

गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती टोकाची फट, मोजला तर तिन्हींचा १ मिलिमीटरच्या पुढं गेलेला. पुस्तिकेत ०.७ ते ०.८ आहे. गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, झटके बहुधा त्याचेच.

नवे प्लग घेताना दोन जणांनी सल्ला दिला की मराठवाड्याच्या उन्हात एका आकड्यानं थंड प्लग, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा, टाका. मी टाकले नाहीत. प्लगचं टोक सुमारे ४५० अंशांच्या वर गेलं तरच स्वतःवरची काजळी जाळतं आणि ८५० च्या आत राहायला हवं. बाहेर ४२ अंश असलं म्हणून त्यात काही मोठा फरक पडत नाही. उलट गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत थंड प्लग लवकर काळा पडतो. तरीही कुणाला बदलायचाच असेल तर एक ध्यानात ठेवा: एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम. दुकानात पर्यायी प्लग हातात पडतो तेव्हा इथंच घोटाळा होतो.

डुप्लिकेट माल बाजारात आहेच. नावात इंग्रजी आर (R) असलेल्या प्लगमध्ये रेझिस्टर असतो. दोन टोकांना मल्टिमीटर लावला तर साधारण ५ किलोओहम दिसायला हवेत. शून्याच्या आसपास दिसले तर प्लग परत करावा. माझे तिन्ही बरोबर निघाले.

बसवताना जुन्या पेट्रोल पाइपचा तुकडा प्लगच्या वरच्या टोकाला घातला आणि त्यानंच फिरवला. आटा वाकडा लागला तर रबर घसरतं, जोर हेडवर येत नाही. हातानं वॉशर टेकेपर्यंत, मग पान्यानं अर्धा फेरा. आट्यांना ग्रीस लावलं नाही, ग्रीस असलं की प्लग नकळत जास्त आवळला जातो. जुने प्लग तारेच्या ब्रशनं घासून पुन्हा वापरायची पद्धतही मी सोडली आहे, चिनीमातीवर धातूच्या रेघा उरतात आणि ठिणगी तिथूनच पळते.

सेल्फला हात लावताच गाडी सुरू झाली. आयडल स्थिर आहे, झटके गेले. मिश्रणाचा स्क्रू थोडा बाहेर घेतलाय, पण तो आयडलपुरताच, वेगातलं मिश्रण जेट ठरवतो. ५०० किलोमीटरनंतर तिन्ही प्लग पुन्हा काढणार. पहिले दोन तरीही पांढरट असतील तर एक माप मोठा मेन जेट, आणि तिसरा ओला असेल तर कॉम्प्रेशन गेज घेऊन चाचांकडे.